खोका २४ तारखेपर्यंत भरत बसू नका

प्रिय मावशी,

आम्ही मूळचे वसईचे, आता न्यू जर्सीत असतो. मुलांनी इथे एक पद्धत उचलली आहे. आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) कॅलेंडरची रोज एक खिडकी उघडून चॉकलेट खातात ना, त्याच्या उलट. घरात एक रिकामा खोका ठेवायचा, रोज त्यात खाण्याची एक वस्तू टाकायची आणि नाताळच्या तोंडावर तो चर्चच्या तळघरातल्या, गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या फूड पॅन्ट्रीत नेऊन द्यायचा. तीन वर्षं आम्ही हे हौसेने केलं.

गेल्या नाताळाआधी खोका द्यायला गेलो तेव्हा वाटप चालू होतं. रांगेत माझ्या मुलीच्या वर्गातली मैत्रीण तिच्या आईबरोबर उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मुलगी गाडीत एक शब्द बोलली नाही. यंदा ती (वय १२) म्हणते, खोका नको आणि मी येणारही नाही. धाकट्याला (वय ८) खोका हवाच आहे. नवरा म्हणतो, चेक फाडू आणि मोकळे होऊ. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या म्हणतात, दान काय मोजून आणि फोटो काढून करतात? मला मात्र वाटतं की इथे सगळं आयतं मिळणाऱ्या मुलांवर हा संस्कार व्हायलाच हवा. आता नक्की कोणाचं ऐकू?

ता. क. कपाटात तारीख उलटून गेलेले चार डबे आहेत. ते खोक्यात चालतील का? आणि सासूबाईंना त्यांच्या हातच्या करंज्या पॅन्ट्रीत द्यायच्या आहेत.

— वसईची सून, न्यू जर्सी


प्रिय सूनबाई,

सगळ्यात आधी लेकीचं ऐक. तुला वाटतंय की तिने देण्यातून अंग काढून घेतलं. मला पत्रातून वेगळंच दिसलं. मैत्रिणीला आपल्यामुळे अवघडायला झालं हे तिला त्याच क्षणी कळलं आणि वर्षभर ती ते विसरलेली नाही. तू ज्याला संस्कार म्हणतेस तो तिच्यावर होऊन गेलाय, आणि खोक्याने केला असता त्याहून चांगला. तिचं ‘नको’ हे देण्याला नाहीये. रांगेसमोरून खोका मिरवत नेण्याला आहे, आणि त्याला तर माझंही नकोच आहे.

मी स्वतः इथल्या एका पॅन्ट्रीत डबे लावायला जाते, म्हणून हे जरा अधिकाराने सांगते. देणाऱ्यांची वेळ आणि घेणाऱ्यांची वेळ बहुतेक ठिकाणी वेगळी ठेवलेली असते, आणि ती ह्याचसाठी. वाटपाच्या दिवशी खोका घेऊन येणाऱ्या कुटुंबाचं आम्ही हसून स्वागत करतो, पण मनात म्हणतो की हे लोक मंगळवारी का नाही आले! फोन करून विचार की सामान कधी आणून द्यायचं. मागच्या दाराने ठेवा आणि निघा. कोणाला बघायची गरज नाही आणि कोणाला दिसायचीही नाही.

‘मुलांना कळू दे की सगळ्यांना मिळत नाही’ असं म्हणत पोरांना पॅन्ट्री दाखवायला आणणारे पालक माझ्या डोक्यात जातात. तू त्यातली नाहीस, पण त्या वाटेवर उभी आहेस म्हणून स्पष्ट लिहिते. दुसऱ्याची रांग हे आपल्या मुलांचं पाठ्यपुस्तक नव्हे.

त्या मैत्रिणीबद्दल लेकीशी एकदा बोल, आणि एकदाच. ती गोष्ट कोणाला सांगायची नाही, घरच्या ग्रुपवरही नाही. शाळेत जसं होतं तसंच वागायचं. पुढे कुठे तशीच गाठ पडली तर ओळख दाखवायची की नाही हे त्या मैत्रिणीने ठरवायचं. ती हसली तर हसायचं, तिने मान वळवली तर आपणही वळवायची. त्यांच्या दारात गुपचूप टोपली ठेवण्याचा मोह तुला होईल. नको करूस. कोणी ठेवली हे त्यांना पाच मिनिटांत कळेल आणि त्या मुलीला शाळेत जाणं जड होईल. अमुकच घराला काही द्यावंसं वाटत असेल तर पुष्कळ चर्चमध्ये आगमनकाळात कागदी चिठ्ठ्या टांगलेलं झाड ठेवतात. चिठ्ठीवर ‘मुलगी, वय १०, थंडीचे बूट’ एवढंच असतं, नाव नसतं. ती चिठ्ठी घ्या.

लेकीला आणखी एक सांग, आणि हे तूही ऐकून ठेव. रांगेत उभं राहणं ही इथे काही जगावेगळी गोष्ट नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचाच हिशेब आहे की २०२३ मध्ये १३.५ टक्के घरांना, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरांना, वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. माणसं मोजली तर ४ कोटी ७४ लाख. ह्यातले खूप जण नोकरी करणारे आहेत. घरभाडं आणि गाडीचा हप्ता टळत नाही, मग काटछाट होते ती किराण्यात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना स्नॅपचे (म्हणजे लोक अजूनही ज्याला फूड स्टँप म्हणतात त्या किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचे) पैसे रखडले, तेव्हा पगार थांबलेले सरकारी कर्मचारीसुद्धा पॅन्ट्रीत आले.

आणि आपले लोक? एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला स्नॅप मिळतच नाही. नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस हातात असतात आणि त्या दिवसांत वाण्याचं बिल काही थांबत नाही. इथल्या रटगर्ससारख्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी स्वतःची पॅन्ट्री चालवली आहे, आणि परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर सहजी काम करता येत नाही हे तुला माहीत आहेच. आपल्या गणपतीच्या मंडपात भेटलेला मुलगा उद्या तिथे पिशवी घेऊन उभा असू शकतो. हे बोलायची आपल्याकडे लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता धाकट्याचा खोका. खोका ठेवा, पण चोवीस तारखेपर्यंत भरत बसू नका. ह्या उलट्या कॅलेंडरातली खोट तीच आहे. ते देणाऱ्याच्या घरच्या सणाप्रमाणे चालतं, घेणाऱ्याच्या स्वयंपाकाप्रमाणे नाही. नाताळच्या तोंडावर आलेला खोका उघडायचा, तारखा तपासायच्या, प्रकारवार लावायचा, तोवर नाताळ होऊन जातो. नाताळच्या जेवणाचं सामान घरोघरी पोचायचं तर ते आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवं.

त्यात शाळांच्या सुट्टीची गोष्ट आहे, जी देणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्या मुलांना शाळेत फुकट किंवा सवलतीत दुपारचं जेवण मिळतं, त्यांचं ते जेवण नाताळच्या सुट्टीत बंद होतं. दोन मुलांच्या घरात रोजची दोन जेवणं अचानक वाढतात, सकाळचा नाश्ताही शाळेतच होत असेल तर चार. आईचा पगार तेवढाच असतो. तुझ्या मुलाला हे सांग, त्याला लगेच कळेल. आठ वर्षांच्या मुलाला ‘गरिबी’ समजावून सांगणं कठीण असतं, पण ‘सुट्टीत डबा नाही’ हे त्याला बरोबर समजतं.

आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्या दरम्यान पडणाऱ्या रविवारी सुरू होतो. तुम्ही खोका त्याच्या दोन-तीन आठवडे आधी मांडा आणि ६ डिसेंबरला, गुपचूप दान देणाऱ्या संत निकोलसच्या सणाला, बंद करा. मुलांना शेवटचा दिवस ठरलेला लागतो आणि ह्याहून चांगला दिवस सापडायचा नाही. मग २४ पर्यंत रोज काय करायचं, असं तो विचारेल. रोज खाऊच्या पैशांतले थोडे बरणीत टाकू दे. ते पैसे जानेवारीत उपयोगी पडतील, कसे ते पुढे सांगते.

खोक्यात काय घालायचं हे पॅन्ट्रीला विचारून यादी आण आणि ती फ्रिजवर लाव. विचारल्याशिवाय दिलेल्या खोक्यांत काय असतं सांगू? क्रॅनबेरी सॉसचे डबे, भोपळ्याच्या पायचं सारण, स्वतःच्या घरात कोणी न खाल्लेल्या लायमा बीन्स आणि कोणा बॉसने दिलेलं आर्टिचोकचं लोणचं. घेणाऱ्या बाईला मंगळवारी रात्री मुलांपुढे काहीतरी गरम ठेवायचं असतं. तिला हवं असतं तेल, तांदूळ, पीनट बटर, ओट्स, पाण्यातला टूना, कमी मिठाच्या भाज्यांचे डबे, टोमॅटो आणि फ्रिजबाहेर टिकणारं दूध. तेलाची बाटली फार कमी लोक आणतात. कांदा परतायलाही तेल लागतं हे आपल्याला सांगायला नको, तरी आपणही दरवेळी सूपच उचलतो.

काही कुटुंबं मोटेलच्या एका खोलीत राहतात. तिथे शेगडी नसते, मायक्रोवेव्ह असला तर असतो. त्यांच्यासाठी ओढून उघडणारे डबे घ्या, कारण डब्याला ओपनर लागतो आणि तो त्यांच्याकडे असेलच असं नाही. काचेच्या बरण्या टाळा, एक फुटली की अख्खा खोका फेकावा लागतो. तांदूळ वीस पौंडांच्या पोत्यात देऊ नका. बसने आलेली बाई ते कसं नेणार? दोन पौंडांच्या पिशव्या द्या.

आणि डाळी द्या. आपल्या दुकानातली तूरडाळ, मसूर, चणे, हळद, जिरं. न्यू जर्सीच्या पुष्कळ पॅन्ट्रींत आपल्या उपखंडातली माणसं येतात आणि शेल्फवर मॅकरोनीच मॅकरोनी दिसते. फक्त पाकीट कारखान्यातून बंद झालेलं हवं आणि त्यावर इंग्रजीत घटकपदार्थ छापलेले हवेत. मोठ्या पिशवीतली डाळ झिपलॉकमध्ये भरून दिली तर ती आम्हाला शेल्फवर ठेवता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. स्नॅपच्या कार्डावर फक्त खाण्याच्या वस्तू मिळतात. साबण, टूथपेस्ट, टॉयलेट पेपर, भांड्यांचा साबण, मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, ह्यातलं काहीही त्या कार्डावर घेता येत नाही. रोख पैसे संपले की बाई पोळीभाजी कशीबशी जमवते, पॅडचं काय करणार? खोक्यात पॅड टाकणारं कुटुंब विरळाच. लाजतात, किंवा सुचतच नाही. हे काम तू लेकीकडे दे. तिला सांग, धाकटा खाण्याचं बघेल, ह्या वस्तूंची पिशवी तुझी. बजेट ठरवून दे आणि दुकानात तिला एकटीला निवडू दे. बारा वर्षांच्या मुलीला कुठलं पॅड बरं आणि कुठलं टोचतं हे पॅन्ट्री चालवणाऱ्या फादरांपेक्षा नक्कीच जास्त कळतं. पिशवी द्यायला तिने यायलाच हवं असं नाही. तू नेऊन ठेव. पुढच्या वर्षी ती आपण होऊन आली तर आली.

नवऱ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त. फूड बँक म्हणजे मोठं कोठार, पॅन्ट्री म्हणजे त्या कोठारातून माल आणून हातात देणारी गल्लीतली जागा. हिलसाइडला न्यू जर्सीची कम्युनिटी फूडबँक आहे, ते कोठार झालं. कोठाराला डॉलर दिला तर तो घाऊक भावाने खर्च होतो, शिवाय दुकानांचं आणि शेतांचं उरलेलं चांगलं धान्य आणायला लागणारं डिझेलही त्यातूनच येतं. फीडिंग अमेरिका ही देशभरातल्या फूड बँकांची संघटना सांगते की एका डॉलरमागे किमान दहा जेवणं पोचतात. तू दुकानात एका डॉलरला फार तर एखादा डबा आणशील.

ही कोठाराची कल्पनाही एका चर्चमधूनच निघालेली आहे, सासूबाईंना आवडेल म्हणून सांगते. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल नावाचा गृहस्थ सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या भोजनगृहात सेवा करायचा. तिथे येणाऱ्या, पदरात दहा मुलं असलेल्या एका आईने त्याला सांगितलं की दुकानांच्या मागे चांगलं अन्न फेकून देतात, तेच आणून मी घर चालवते. पैसे जसे बँकेत ठेवतात आणि लागतील तेव्हा काढतात, तशी अन्नाचीही जागा असावी, असंही तिनेच सुचवलं म्हणतात. त्याने सेंट मेरीज पॅरिशकडे (म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मग्रामाकडे) मदत मागितली. पॅरिशने एक जुनी बेकरी आणि ३,००० डॉलर दिले, आणि १९६७ मध्ये जगातली पहिली फूड बँक उभी राहिली. म्हणजे मूळ अक्कल रांगेतल्या बाईची. मला ही गोष्ट फार आवडते आणि मी ती दर डिसेंबरात कोणाला तरी ऐकवतेच.

तेव्हा नवऱ्याला चेक लिहू दे. फक्त ‘मोकळे होऊ’ एवढं चालणार नाही. डिसेंबरात एकरकमी देण्यापेक्षा दरमहा थोडे जातील अशी व्यवस्था त्याने करावी. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्याकडे ठेवायला जागा नसते आणि जानेवारीच्या मध्यावर शेल्फ रिकामी दिसायला लागतात. थंडी तेव्हाच कडक असते आणि हीटिंगचं बिलही तेव्हाच येतं. धाकट्याच्या बरणीतले पैसे तेव्हा काढा, त्याला यादी देऊन दुकानात न्या आणि खरेदी त्यालाच करू दे. नवऱ्याने आपल्या ऑफिसातही विचारावं. पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर आपल्याकडून घालतात आणि निम्म्या लोकांनी तो अर्ज कधी उघडलेलाही नसतो. तो अर्ज भरणं हेच त्याचं आगमनकाळातलं व्रत समज.

सासूबाई फोटोबद्दल शंभर टक्के बरोबर आहेत. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. खोक्याचा घरात फोटो काढलास तर आकाश कोसळत नाही, पण पॅन्ट्रीच्या आवारात फोन खिशातच ठेवा. मागे उभ्या असलेल्या कोणाचा तरी चेहरा त्यात येतो आणि तो वसईपासून दुबईपर्यंत फिरतो. मोजण्याच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी वाद घालीन. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, दर तीन वर्षांनी एकदा, लूकच्या शुभवर्तमानातला योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा उतारा वाचतात. आम्ही काय करावं, असं लोक विचारतात तेव्हा तो सांगतो की ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, आणि ज्याच्याकडे अन्न आहे त्यानेही तसंच करावं. दोनातला एक. हे मोजणंच झालं की! आठ वर्षांच्या मुलाने खोक्यातले डबे मोजले तर मोजू देत.

खरं तर यादी करताना सासूबाईंनाच बरोबर बसव. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घर कशावर चालतं हे त्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तांदूळ, डाळ, तेल, मीठ असलं की बाई बाकीचं निभावते, हे त्या दोन वाक्यांत सांगतील आणि तुमचा निम्मा खोका त्यातच ठरेल.

आता ता. क. इथे फेडरल कायद्याने तारीख छापणं बंधनकारक आहे ते फक्त तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युलावर, आणि तो तारखेनंतर कोणीही देऊ किंवा घेऊ नये. बाकी डब्यांवरचं ‘बेस्ट बाय’ हे चव आणि दर्जा ह्यांच्याबद्दल असतं, त्या दिवशी डब्याचं विष होत नाही. त्यामुळे काही पॅन्ट्री तारखेनंतरही काही काळ डबे घेतात, काही अजिबात घेत नाहीत. फुगलेला, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र सरळ कचऱ्यात. तुझे ते चार डबे चांगले असतील तर ह्या आठवड्यात तुम्हीच खा आणि खोक्यात नवे आणून ठेवा. स्वतःच्या मुलांना वाढायला हात धजावत नसेल ते खोक्यातही नको.

करंज्या पॅन्ट्रीत चालणार नाहीत. घरी केलेलं काहीच चालत नाही, सासूबाईंचा हात कितीही गोड असला तरी. त्यात काय घातलंय हे पाकिटावर छापलेलं नसतं आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे आम्हाला ठाऊक नसतं. त्यांना वाईट वाटू देऊ नकोस. शनिवारी सकाळी तळघरात डबे लावणाऱ्या आम्हा म्हाताऱ्या व्हॉलंटियरांना कोणी काही आणून देत नाही, त्यांच्यासाठी डबा पाठव. आत काजू-बदाम असतील तर झाकणावर तसं लिही. तुमच्याकडचे ठाऊक नाहीत, पण आमच्यातल्या दोघांना चालत नाहीत.

— मावशी